शिक्षकाच्या अध्ययनाचा खर्च

शिक्षकानें जन्मभर शिकत राहिलें पाहिजे, याविषयीं आमच्याकडे दुमत नाहीं. त्यासाठीं पैसा कोणीं द्यावयाचा, हा प्रश्न निघाला मात्र कीं सभेंतील मंडळी हळूच घड्याळाकडे पाहूं लागतात. म्हणून या महिन्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा या संस्थानाचा कायदा वाचकांपुढें ठेवीत आहें. त्यांत या प्रश्नाचें उत्तर आंकड्यानें दिलें आहे.

तेथील सरकारी शाळा स्थानिक शाळामंडळांकडे असतात. प्रत्येक मंडळाच्या वांट्यास विद्यार्थिसंख्येच्या मानानें जें मूळ उत्पन्न येतें, त्याचा निदान २ टक्के भाग शिक्षकांच्या सेवाकालांतील शिक्षणासाठीं राखून ठेवावा, असें तो कायदा सांगतो. विनियोगाविषयीं सल्ला देणाऱ्या समितींत शिक्षकांचेंच बहुमत असावें लागतें. एखाद्या वर्षीं मंडळास या बंधनांतून सूट हवी असेल, तर मंडळाच्या सभासदांचें बहुमत पुरत नाहीं, शिक्षकांचेंही बहुमत मिळवावें लागतें. मला सर्वांत शहाणपणाची तरतूद मात्र निराळीच वाटते. या रकमेंतून बदली शिक्षकाचा खर्चही भागवितां येतो!

ज्यानें शाळा चालविली आहे, त्यालाच या तरतुदीचें मोल कळेल. गुरुजी चार दिवस प्रशिक्षणास गेले, तर त्यांच्या मुलांपुढें कोणीं उभें राहावयाचें? आमच्या डोंगराळ भागांतील दोनशिक्षकी शाळेंत एक गेले कीं दुसऱ्यापुढें चारही इयत्ता येऊन बसतात. प्रशिक्षणाचा खरा खर्च व्याख्यात्याच्या मानधनांत किंवा चहाफराळांत नसून तो येथें आहे. आणि तो कोठल्याच अंदाजपत्रकांत न आल्यामुळें मुलांच्या खात्यावर पडतो.

आतां आपल्याकडे पाहूं. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या ८ व्या व ९ व्या कलमांत सरकारनें व स्थानिक संस्थांनीं शिक्षकांस प्रशिक्षणाची सोय करून द्यावी, असें म्हटलें आहे. कर्तव्य सांगितलें, वांटा सांगितला नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला निदान ५० तासांच्या अशा अध्ययनाची अपेक्षा केली. तास मोजून झाले, रुपये राहिले. समग्र शिक्षा योजनेंत केंद्र सरकार व महाराष्ट्र सरकार ६० व ४० या प्रमाणांत पैसा घालतात, हें खरें. परंतु योजना म्हणजे कायदा नव्हे, तिची तरतूद वर्षावर्षाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून.

कायद्यांत आंकडा घातला म्हणजे सर्व साधलें, असेंही नाहीं. २००८ च्या मंदीनंतर मिनेसोटाच्या विधिमंडळानेंच हें २ टक्क्यांचें बंधन कांहीं वर्षें स्थगित ठेविलें होतें. पण त्यासाठीं विधिमंडळास उघड मत द्यावें लागलें. जेथें आंकडाच नाहीं, तेथें कात्री चाललेली कोणास ऐकूंही येत नाहीं.

कोणी विचारतील, जुन्या शास्त्रीबोवांस कोणीं प्रशिक्षण दिलें होतें? त्यांनीं मालविकाग्निमित्रांतील गणदास व हरदत्त यांचा तंटा आठवावा. विद्या अंगीं असणें व ती शिष्याच्या अंगीं उतरवितां येणें, हे दोन निरनिराळे गुण आहेत, हें कालिदासास पक्कें ठाऊक होतें. दुसरा गुण सहाध्यापकांचें काम पाहून, आपलें दाखवून, चर्चा करून येतो. आणि त्याला वेळ लागतो. वेळ फुकट मिळत नाहीं.

आपल्या घरांतील कोणी मुलगा किंवा सून सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असेल. तींत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात, व तिनें केलेला शाळाविकासाचा आराखडा हाच अनुदानाचा आधार धरावा, असें २२ वें कलम सांगतें. पुढच्या बैठकींत त्यांनीं इतकेंच विचारावें: गतवर्षीं गुरुजी प्रशिक्षणास गेले, त्या दिवशीं वर्गावर कोण होतें? मिळालेलें उत्तर टिपून घ्यावें आणि बदली शिक्षकाची बाब त्या आराखड्यांत नांवानिशीं लिहवून घ्यावी.