डबा रिकामा जायचा नाही



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बाहेर बर्फ असेल, दुपारी साडेचारलाच अंधारून आलेलं असेल आणि आपापल्या गल्लीत नाताळचे दिवे लागलेले असतील. कॅनडात येऊन मला बावीस वर्षं झाली, पण हे दिवे लागले की आजही आधी माझ्या लहानपणीचं सातपूर आठवतं.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना सातपूर लागतं. साठच्या दशकात तिथे औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. मग मायको, महिंद्रा, सिएट अशा कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग माणसं आली. कुणी खानदेशातून, कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून. जवळचं म्हणावं असं कुणाचंच कुणी तिथे नव्हतं. त्यामुळे शेजारी हेच नातेवाईक झाले. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसली की रोटांचा प्रसाद सगळ्या लाइनीत फिरायचा. दिवाळीचा फराळ आमच्याकडून जायचा. आणि डिसेंबरात शेजारच्या मावशींच्या दारात चांदणीचा कंदील लागायचा.

मावशी मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. त्यांच्याकडे नाताळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा आपल्यासारखाच फराळ व्हायचा. शिवाय रवा-मैदा-तूप-साखर घेऊन आम्ही मुलं त्यांच्याबरोबर बेकरीत जायचो आणि भाजलेल्या नानकटाईचे पत्र्याचे डबे मांडीवर घेऊन रिक्षातून परत यायचो. डबा गरम असायचा, फ्रॉकमधून मांडीला चटका बसायचा, तरी तो खाली ठेवावासा वाटायचा नाही.

धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि नंतर ताप आला म्हणून तिला तिथेच राहावं लागलं. वडिलांची सेकंड शिफ्ट. त्या पंधरा दिवसांत मी मावशींकडेच जेवले, त्यांच्याच मुलींमध्ये झोपले. वेणी त्या घालायच्या आणि पाढेही त्याच म्हणून घ्यायच्या. आई घरी आल्यावर आभार मानायला गेली, तर मावशी म्हणाल्या, ‘‘वहिनी, आभार कसले मानता? पोरगी आमचीच आहे.’’ आई गप्प घरी आली. दुसऱ्या दिवशी तिने मावशींचा डबा घासून-पुसून घेतला, त्यात बेसनाचे लाडू भरले आणि माझ्याबरोबर पाठवला. ‘डबा रिकामा जायचा नाही,’ एवढंच ती म्हणाली.

आपल्याकडे आभार असे मानले जातात. घरच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ते परक्यासारखं वाटतं. शब्द तोंडातून बाहेर पडत नाही, म्हणून तो डब्यात भरून पाठवायचा. घेतलेल्याची आठवण ठेवायची आणि आपली वेळ आली की उभं राहायचं. उतराई होणं म्हणतात ते हेच.

सातपूरहून नाशिक शहरात शिरताना शरणपूर लागतं. लहानपणी त्या नावाचा अर्थ मनात कधी आला नव्हता. शरण आलेल्यांचं पूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली, सुतारकाम-लोहारकामात तयार झाली. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३मध्ये मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा आफ्रिकेच्या अंतर्भागात मृत्यू झाला, तेव्हा सोबतच्या माणसांनी त्याचा देह जवळपास हजार मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला. त्या माणसांत नाशिकला शिकलेले तरुण होते. वेनराइट तर शवपेटीबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबेमधल्या दफनविधीला हजर राहिला. आपल्या गावाने कधीकाळी अशा दूरच्या मुलांना आसरा दिला होता, हे आज आपण स्वतः दूर देशी असताना मला फार मोलाचं वाटतं.

आणि सातपूरपासून जवळच, गोदावरीकाठी, जलालपूर आहे. १८६८मध्ये लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तिथला. १८९५मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंचं घरच दुभंगलं. त्या काळात बहिणीने आणि मेहुण्यांनी त्यांना सांभाळलं. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, नगरला त्यांचं घर पुन्हा उभं राहिलं आणि त्या घरात बालकवींसारखा तरुण कवी मुलासारखा वावरला. ज्या बाईला अडचणीत आसरा मिळाला, तिने पुढे आपलं दार इतरांना उघडं ठेवलं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना मला जाणवतं, की ते पुस्तक मिळालेल्या मायेच्या हिशेबाचं पुस्तक आहे. कुणी कधी काय केलं, याचा त्यांना विसर पडलेला नाही.

आपल्या इथल्या मराठी मंडळाकडे मी याच नजरेने पाहते. आपल्यातल्या बहुतेकांचं इथे येताना कुणी नव्हतं. विमानतळावर घ्यायला आलेला पहिला मराठी माणूस, पहिल्या हिवाळ्यात आपला जाड कोट काढून देणारी मैत्रीण, भाड्याचं घर मिळेपर्यंत तळघरातली खोली देणारं कुटुंब, ही नावं प्रत्येकाला पाठ आहेत. या वर्षी फेब्रुवारीत आपल्या एका सभासदाची मोठी शस्त्रक्रिया झाली. मंडळातल्या घरांनी वार वाटून घेतले आणि महिनाभर त्या घरी डबा गेला. ज्या दिवशी हिमवादळाने रस्ते बंद होते, त्या दिवशीही गेला, कारण शेजारच्या कॅनडियन आजोबांनी पहाटे उठून स्वतःच्या आणि त्या घरापुढचा बर्फ काढून ठेवला होता. गणपतीच्या दिवशी शेवटची पंगत उठल्यावर रात्री साडेअकरापर्यंत पातेली घासणारे हात कोणत्याही फोटोत दिसत नाहीत. त्या सर्वांचे मंडळाच्या वतीने मी मनापासून आभार मानते.

इथे २६ डिसेंबरला बॉक्सिंग डे असतो. आज तो सेलचा दिवस झाला आहे. पण ही प्रथा मूळची ब्रिटनमधली. वर्षभर सेवा देणाऱ्यांना, घरकाम करणाऱ्यांना, पोस्टमनला नाताळानंतर भेटीची पेटी द्यायची, अशी ती रीत होती. बॉक्स म्हणजे अखेर डबाच. आपली रीत आणि त्यांची रीत इथे येऊन एक होते.

म्हणून या वर्षी माझी एक विनंती आहे. २६ तारखेला दुकानात जाण्याआधी घरातला एक डबा काढा. चिवडा भरा, करंज्या भरा, नाहीतर नुसते शंकरपाळे. तो तुमच्या टपालवाल्याला द्या, बर्फ काढणाऱ्या शेजाऱ्याला द्या, मुलांच्या शाळेच्या बसचालकाला द्या. मुलांना बरोबर न्या आणि डबा त्यांच्या हातून द्या. आणि घरी आल्यावर ज्यांना आपण कधीच आभार म्हणत नाही, त्यांना फोन करा. आईवडिलांना, बहीणभावांना, गावाकडच्या त्या एका शेजाऱ्याला. आपल्या रीतीत शब्द लागत नाहीत हे खरं, पण इतक्या दूर राहिल्यावर डबा पोचत नाही. तिथे शब्दच पोचवावा लागतो. आपली वडीलधारी माणसं थकत चालली आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

माझ्या स्वयंपाकघरात स्टीलचा एक डबा आहे. त्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी मावशींचं आडनाव कोरलेलं आहे. मी इकडे यायला निघाले, तेव्हा त्यांनी त्यातून नानकटाई दिली होती आणि तो परत करायचा राहून गेला. जानेवारीत मी नाशिकला जाते आहे. मावशी आता ऐंशीच्या पुढे आहेत. संक्रांत तिथेच असेन. तिळाच्या वड्या करून तो डबा मी स्वतः त्यांच्या हातात देणार आहे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना नाताळाच्या आणि नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.

आपली,
संपादक