शीत कोणत्या पातेल्यातले?

वाचकहो, शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपली रीत जुनी आहे आणि शहाणपणाचीही आहे. मात्र तिला एक अट आहे: शीत त्याच पातेल्यातले हवे! व्हिडिओ गेमच्या समीक्षकांना ही साधी अट कोणी तरी बजावून सांगण्याची गरज आहे.

२०२० सालचा मासला पाहा. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने १० डिसेंबरला ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ बाजारात आणला. तत्पूर्वीच ८० लाख प्रतींची आगाऊ विक्री झाली होती. समीक्षकांच्या हाती आधी पडली ती केवळ संगणकावरची प्रत. आणि चित्रफितींत दृश्ये दाखवायची तीही कंपनीने पुरवलेलीच! काहींनी दोष नोंदवले खरे, पण गुणांची खैरात थांबली नाही. मग ज्यांच्या घरी जुने प्लेस्टेशन ४ होते, त्यांच्या पानात काय पडले? अडखळणारी चित्रे आणि मध्येच बंद पडणारा खेळ. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. जुन्या यंत्रांवरचे रूप आपण आधी दाखवले नाही, याबद्दल खुद्द कंपनीने जाहीर क्षमा मागितली.

विक्रेत्याने माल झाकावा, हे एक वेळ समजू शकते. त्याचा तो धंदाच आहे. पण झाकण उघडून पाहणे हेच ज्याचे काम, त्याने झाकणाचीच वाखाणणी करावी, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, पुढे डागडुजी होऊन तोच खेळ उत्तम झाला ना! झाला, नाही कोण म्हणतो? ग्रंथाला शुद्धिपत्र जोडलेले आपण चालवून घेतो. परंतु पूर्ण किंमत घेऊन आज अशुद्धे विकायची आणि शुद्ध ग्रंथ दोन-तीन वर्षांनी द्यायचा, हा व्यवहार कोणता?

या गुणांचा जाच खेळ घडवणाऱ्यांनाही होतो. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ २०१० साली निघाला. सरासरी ८५ गुण पडले तर निर्मात्यांना जादा मोबदला, असा करार होता. पडले ८४! एका गुणासाठी तो बुडाला. रसास्वादाचा असा तराजू झाला की समीक्षा संपते आणि तोलाई सुरू होते.

तेव्हा दिवाळीनिमित्त मुलांनी नव्या खेळाचा हट्ट धरला, तर आकड्यावर जाऊ नका. परीक्षण वाचून तीन प्रश्न विचारा: खेळ कोणत्या यंत्रावर पाहिला? प्रत कोणी दिली? आणि काय पाहू दिले नाही? तिसऱ्याचे उत्तर जो समीक्षक आपण होऊन देतो, त्याचेच पुढचे परीक्षण वाचा. बाकीच्यांचे आकडे जाहिरातीच्या पानावर शोभतील.