मोफत व्याख्यान ऐकले; पुढे काय?

कॅलिफोर्नियात १९८४मध्ये पहिल्यांदा झालेली ‘टेड’ परिषद दीर्घकाळ निमंत्रितांपुरतीच होती. २००६मध्ये तिथली भाषणे इंटरनेटवर मोफत आली आणि जास्तीत जास्त १८ मिनिटांचे व्याख्यान कुणालाही घरबसल्या ऐकता येऊ लागले. मात्र, एकट्याने ऐकलेला विचार पुढचा व्हिडिओ सुरू होताच मागे पडतो. न्यूयॉर्कमध्ये २००८पासून भरणाऱ्या ‘क्रिएटिव्ह मॉर्निंग्ज’चे वेगळेपण इथेच आहे. महिन्यातून एकदा सकाळी नाश्ता, एक व्याख्यान आणि अनोळखी माणसांशी गप्पा; तेही मोफत. पुणेकरांना हे नवे नाही. न्या. रानडे यांनी १८७५मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचा श्रोता घरी परततानाही वाद घालत असे. मोबाइलवर जरूर ऐका; पण त्यावर कुणाशी तरी बोला. विचार रुजतो तो तिथेच.