दिवा आणि भिंग

सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. तारा तोडल्या गेल्या, टपाल थांबले. नोव्हेंबरात रने दाग्रों हा छायाचित्रकार बलूनमधून शहराबाहेर पडला. शहरात पाठवायचे सरकारी खलिते आणि घरगुती निरोप आधी पानांवर छापायचे, मग त्या पानांची इवली छायाचित्रे पातळ फिल्मवर घ्यायची, हे त्याचे काम. एक फिल्म ग्रॅमच्या विसाव्या हिश्शाएवढी. तिची सुरळी पिसाच्या पोकळ देठात घालून कबुतराच्या शेपटीला बांधत. पुष्कळ कबुतरे वाटेतच नाहीशी होत, म्हणून तेच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत. पॅरिसमध्ये मॅजिक लँटर्नने मजकूर पडद्यावर पाडत आणि कारकून तो उतरवून घेत. कल्याणचे पटवर्धन पुढे ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने ज्याचे खेळ करत, तेच हे यंत्र.

दिवाळी अंकात हे सांगायला कारण आहे. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचे बहुतेक अंक लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेले आहेत. त्या कागदातले आम्ल त्यालाच खाते. पान पिवळे पडते, दुमडले की तुटते. हे अंक स्कॅन व्हायलाच हवेत. शोधायला आणि दूरच्या वाचकापर्यंत पोचवायला तेच सोयीचे. पण फाइल उघडायला संगणक लागतो, सॉफ्टवेअर लागते, आणि दोन्ही बदलत राहतात. पॅरिसच्या त्या फिल्मसारखी इवल्या छायाचित्रांची फिल्म, म्हणजे मायक्रोफिल्म, वाचायला मात्र दिवा आणि भिंग पुरते. पॉलिएस्टरवरची चांदीची फिल्म नीट धुऊन थंड, कोरड्या जागी ठेवली तर ५०० वर्षे टिकेल, असे मानतात. जर्मनीने ओबररीडजवळच्या जुन्या खाणीत आपल्या दस्तऐवजांच्या फिल्म पोलादी पिंपांत बंद करून ठेवल्या आहेत. आपल्या नियतकालिकांसाठी स्कॅनबरोबर फिल्मही व्हावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

मात्र फिल्म झाली म्हणून मूळ अंक टाकायचा नाही. अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे बांधीव संच असेच मोडीत काढले. निकल्सन बेकर यांनी २००१ साली त्यावर संतापून पुस्तक लिहिले. शिवाय चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठाचे रंग काळ्या-पांढऱ्या फिल्मवर उतरत नाहीत.

वाचकहो, या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुने अंक सापडले, तर ते रद्दीत घालण्याआधी जवळच्या ग्रंथालयात एकदा विचारा.