सूज म्हणू नका, दाह म्हणा

“स्वादुपिंडाला जरा सूज आहे, उतरेल.” सांगवीत कुणी असा दिलासा दिला की मला धास्ती वाटते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुरगळलेला पाय येतो. पुढच्या खेपेला वरच्या पोटातली कळ थेट पाठीत गेली, तरी चाकणची रात्रपाळी करून आलेला तो माणूस “पित्त खवळलंय” म्हणत सोडा पितो. सांगवी फाट्यावर जिल्हा रुग्णालय असूनही दिवस घरात काढतो.

सूज म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. ग्रंथी सुजते, आणि बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. पण आपल्याकडे ‘स्वादुपिंडदाह’ हा नेमका शब्द आहे, आणि माणसं दगावतात ती या दाहाने.

1896 साली हान्स कियारी यांनी मांडलं की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. पित्ताच्या खड्याने वाट अडते किंवा दारूने पेशी दुखावतात, आणि ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य आतड्यात पोचण्याआधीच जागं होतं. हे खरं, पण अर्धं. 2011 मध्ये, ज्यापासून ट्रिप्सिन बनतं त्या ट्रिप्सिनोजेनचा एक मुख्य प्रकार नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. पेशींचा नाश निम्म्यावर आला, दाह मात्र तेवढाच राहिला. दाहाला स्वतःची वाट आहे. पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांची रसायनं रक्तात उतरतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. मग पोटातल्या दुखण्याने फुप्फुसं आणि मूत्रपिंडं थकतात. म्हणूनच 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात आजार गंभीर ठरतो तो एखादा अवयव 48 तासांहून अधिक निकामी राहिला तर. रक्तातल्या लायपेज या पाचकद्रव्याचा आकडा कितीही फुगलेला असो, त्यावरून गांभीर्य ठरत नाही.

“दाह म्हणजे जंतू, अँटिबायोटिक चालू करा,” हा आग्रहही टिकत नाही. सुरुवातीचा दाह बहुधा जंतूंविनाच असतो. संसर्ग आढळला तर गोष्ट वेगळी.

मग दाहच दाबावा? तसं खात्रीचं औषध अजून हाती नाही, आणि मेलेल्या पेशी उपसण्याचं कामही हाच दाह करतो. सलाईन हवं, पण बेतानं. 2022 च्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत भरमसाट सलाईन दिलेल्या 20.5 टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साचलं. बेतानं दिलेल्यांत 6.3 टक्के.

खाटेशी बसलेल्या नातेवाइकांनी म्हणूनच पहिले दोन दिवस “सूज उतरली का?” एवढ्यावर थांबू नये. लघवी किती झाली, धाप लागतेय का, माणूस नीट बोलतोय का, हे बघावं आणि लगेच सिस्टरला सांगावं.