गॅरेजमधल्या ग्रीसमध्ये दडलीय उद्याची चिप. पण पैसा कोण लावणार?

लोअर परळच्या गॅरेजमध्ये दिसणाऱ्या काळपट ग्रीसमध्ये अनेकदा मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं. मॉलिब्डेनमचा एक थर आणि वर-खाली गंधकाचे थर, जणू सँडविचच. ही सँडविचेस एकमेकांना घट्ट चिकटलेली नसतात. पत्त्यांसारखी घसरतात, म्हणून उत्तम वंगण.

खरी गंमत पुढे आहे. यातलं एकच सँडविच वेगळं काढलं, तर जाडी जेमतेम 0.65 नॅनोमीटर. इतकं पातळ झाल्यावर सिलिकॉनमधून विजेचा प्रवाह नीट वाहत नाही. हा पदार्थ मात्र टिकून राहतो. जाड तुकड्यात सुमारे 1.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट असलेला बँड गॅप एका थरात 1.8 पर्यंत जातो. म्हणजे बंद केलेला ट्रान्झिस्टर खरंच बंद राहतो, बॅटरी गळत नाही. 2011 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तसा ट्रान्झिस्टर बनलाही.

हा पदार्थ स्वतः लोहचुंबक नाही. पण त्याच कुळातल्या टँटलम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लोखंडाचे अणू घुसवले, की कमी तापमानात तो चुंबक होतो!

डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटी मंजूर केले. सिलिकॉनचे कारखाने हवेतच, पण तिथे आपण उशिरा पोहोचलोय. इथे अजून कुणाचंच मोठं उत्पादन सुरू नाही. कुलाब्याची टीआयएफआर आणि पवईची आयआयटी यावर काम करतातच. (गिरण्यांच्या जागी उभ्या टॉवरमध्ये आम्ही इंजिनीअर मात्र स्क्रीनसमोर!)

अडचण आहे ती संपूर्ण वेफरवर एकसारखा थर वाढवण्याची. त्यासाठी महागडी यंत्रं आणि निदान दहा वर्षं न थांबणारा स्वतंत्र निधी लागेल. तो आत्ताच द्यायला हवा.