मोठी ट्रिम टॅब म्हणजे चांगली ट्रिम टॅब नव्हे

स्पीडबोट घेणारे गिऱ्हाईक इंजिन किती हॉर्सपॉवरचे हे आधी विचारते, मग रंग आणि गाद्या पाहते. बोटीच्या मागच्या फळीला, अगदी तळालगत, बिजागरीवर बसवलेल्या दोन पोलादी प्लेटींची चौकशी क्वचितच होते. यांनाच ट्रिम टॅब म्हणतात. त्या खाली वळवल्या की पाणी बोटीची मागची बाजू उचलते आणि नाळ खाली बसते. एकच वळवली तर एका अंगाला कललेली बोट सरळ होते.

हा धंदा मुख्यतः अमेरिकेतला, त्यातही फ्लोरिडातला. तेथील बेनेट कंपनी २०१५ साली यामाहाने विकत घेतली. तिची प्रतिस्पर्धी लेन्को ज्या पॉवर प्रॉडक्ट्स समूहात होती, तो समूह २०१८ साली ब्रुन्सविककडे गेला आणि मर्क्युरी इंजिने ब्रुन्सविकचीच. थोडक्यात, इंजिनवालाच आता टॅबवाला आहे. यात गैर काही नाही, मालही चांगला असतो. पण बोट, इंजिन आणि टॅब एकाच बिलात आले की गिऱ्हाईक प्रश्न विचारायचे विसरते.

विक्रेते सहसा एक ठोकताळा सांगतात. बोटीच्या लांबीच्या दर फुटामागे प्रत्येक बाजूला एक इंच रुंदीची टॅब, म्हणजे तीस फुटी बोटीला तीस इंची. जड, संथ, कुटुंबाच्या सहलीच्या बोटीला हा हिशेब ठीक आहे. ताशी साठ-सत्तर मैलांनी धावणाऱ्या बोटीला तो डोळे मिटून लावणे मला पटत नाही. कारण साधे आहे. वेग दुप्पट झाला की त्याच कोनात त्याच प्लेटीवर पाण्याचा जोर सुमारे चौपट होतो. वीस मैलांवर जे बोटभर वळवावे लागते, ते साठ मैलांवर नखभर पुरते. अशा वेळी रुंद टॅब चुकून जास्त खाली राहिली, तर नाळ पाण्यात रुतते, बोट पुढच्या टोकावर वळू लागते आणि एका झटक्यात गिरकी घेते. आत बसलेली माणसे बाहेर फेकली जातात. म्हणूनच वेगवान बोटीला रुंदीने कमी, लांबीने थोडी जास्त, जाड पत्र्याची आणि भक्कम रॅमची टॅब हवी. मर्क्युरी रेसिंगचे के-प्लेन याच विचाराने बनले आहेत.

टॅब खाली किती जाते हे सगळे विचारतात. पूर्ण वर किती येते हे कोणी विचारत नाही. बोट ट्रेलरवर असताना तळाला सरळ लाकडी पट्टी लावून पाहावे. टॅब पूर्ण वर असताना तिची मागची कड पट्टीच्या वर राहिली पाहिजे. ती पट्टीला टेकत असेल तर ऐन वेगात टॅब पाणी अडवणार, आणि इंजिनावर खर्चलेला पैसा तेथेच वाया जाणार.

इलेक्ट्रिक की हायड्रॉलिक, हा वाद जुना आहे. इलेक्ट्रिकला तेल नको, नळ्या नकोत. मध्यम बोटीला ती सोयीची. लाटांवर आपटत धावणाऱ्या जड बोटीला माझे मत हायड्रॉलिककडे झुकते. मात्र दोन्हींत इंडिकेटर हवाच. टॅब चालकाला दिसत नाही, आणि बटणांची रीतही नवख्याला फसवते. नाळेची डावी बाजू खाली करणारे बटण दाबले की उजवी टॅब खाली जाते! इंडिकेटरचे पैसे वाचवून स्टिरिओ बसवणारे मालक आहेत, त्यांना काय म्हणावे?

आणखी एक. बोट उड्या मारू लागली की लगेच टॅब दाबू नये. आधी इंजिनाचे ट्रिम आत घेऊन पाहावे, डब्यांची आणि टाकीची वजने कोठे आहेत तेही बघावे. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो, आणि नव्या टॅबचा खर्च टळतो.

आखातातील मरिनांत काम करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना देखभालीचे वेगळे सांगायला नको. तरी नव्याने रुजू झालेल्यांसाठी इतकेच की, उबदार खाऱ्या पाण्यात बोट उभी राहिली की बिजागरीत शिंपले धरतात, म्हणून बोट उभी करताना टॅब पूर्ण वर घ्यावी. स्टीलच्या टॅबवर झिंकचा तुकडा बसवावा आणि तळाला रंग देताना तो झिंकवर जाऊ देऊ नये. रंग चढलेला झिंक काहीच काम करत नाही.